‘पडीक’ या शब्दाविरुद्ध

मराठी शिकवणाऱ्यांनी विजेच्या बॅटऱ्यांवर लिहू नये, असे आम्हाला मध्यंतरी एका चर्चासत्राच्या चहापानात समजावून सांगण्यात आले. सांगणारे गृहस्थ सज्जन होते आणि त्यांचे स्वतःचे व्याख्यान मराठी साहित्यातील अरण्यसंवेदनेवर होते. व्याख्यानात मोह होता, पळस होता, सागाच्या पानांवरून घरंगळणारा पाऊस होता. सातबारा मात्र नव्हता. आम्ही तेव्हा गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची भरपाई आहे असे समजावे.

आधी वस्तुस्थिती. सूर्यापासून मिळणारी वीज दुपारी मुबलक असते आणि मागणी चढते ती दिवेलागणीला. दुपारची वीज रात्रीपर्यंत राखून ठेवायची तर आज मुख्यत्वे दोन मार्ग आहेत. एक, पाणी उंचावर चढवून ठेवायचे आणि हवे तेव्हा खाली सोडायचे. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. दुसरा, ती बॅटऱ्यांत भरायची. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये चार हजार मेगावॉट-तासांच्या बॅटरी साठवणुकीला भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आधार देणारी योजना मंजूर केली. आपल्या महावितरणनेही अशा साठवणुकीच्या निविदा काढलेल्या आहेत. शेजारच्या छत्तीसगडात राजनांदगावला फेब्रुवारी २०२४ मध्ये १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याला जोडून ४० मेगावॉट आणि १२० मेगावॉट-तासांची बॅटरी आहे, म्हणजे पूर्ण भरलेली असेल तर पूर्ण ताकदीने ती तीन तास वीज देईल. राजनांदगाव आणि गडचिरोली यांच्यामधले जंगल राज्याची सीमा ओळखत नाही, आणि भांडवलही ती फारसे ओळखत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा प्रकल्पांना हवे ते सारे आहे: ऊन आहे, देशाच्या चारी दिशांना जाणाऱ्या वाहिन्या आहेत, आणि सरकारी टिपणीत जिला ‘पडीक’ म्हणतात ती जमीन आहे.

आमचा बॅटरीला विरोध नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. किंबहुना ज्यांनी चंद्रपुरात उन्हाळ्याच्या सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरून बोट फिरवून पाहिले आहे, त्यांनी बॅटरीला विरोध करणे शोभत नाही. महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज हे केंद्र २९२० मेगावॉटचे आहे आणि महानिर्मितीच्या केंद्रांत सर्वांत मोठे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, त्यात चंद्रपूर अगदी वर होते. कोळसा जितका लवकर हटेल तितके बरे, आणि रात्रीच्या विजेची सोय झाल्याशिवाय तो हटणार नाही. आमचा विरोध एका शब्दाला आहे. शब्दाला विरोध करणे हे आमचे कामच आहे. त्यासाठीच आम्हाला पगार मिळतो.

‘पडीक’ हा मुळात शेतकऱ्याचा शब्द. जमीन पड टाकली, म्हणजे तिला एकदोन वर्षे विसावा दिला. ती पुन्हा कसायची आहे हे त्यात गृहीत असते. हाच शब्द महसुली दप्तरात शिरला आणि ‘कुणाच्याच उपयोगाची नसलेली’ असा त्याचा अर्थ झाला. पूर्व विदर्भातल्या कोणत्याही गावात जाऊन विचारावे की ही समोरची पडीक जमीन कुणाच्या उपयोगाची आहे. गुरे इथे चरतात, सरपण इथून येते, केरसुणीचे गवत इथले, उन्हाळ्यात मोहफुले वेचायला जाण्याची वाट इथून, मेलेल्याला न्यायचे ते याच बाजूला. या सगळ्याला मिळून एक जुना शब्द आहे: निस्तार. तो इतका नेमका आहे की २००६ चा वनहक्क कायदा इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही त्याचे भाषांतर सुचले नाही; कायद्यात तो जसाच्या तसा, ‘कोणत्याही नावाने ओळखला जाणारा’ अशी पुस्ती जोडून आला आहे. एकाच जमिनीचे गावाच्या तोंडी नाव निस्ताराची, टिपणीत पडीक. दोन नावांमधल्या या अंतरातून प्रकल्प आत येतो.

हे अंतर किती महाग पडते याचा सर्वांत अलीकडचा दाखला म्हणजे ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन जुन्या मध्यप्रांताच्या नोंदींतून या नावाने चालत आली. झुडपे आहेत म्हणून झुडपी. मोठी झाडे नाहीत म्हणून धड जंगल नाही. पण ‘जंगल’ हा शब्द लागलेला, म्हणून धड महसुली जमीनही नाही. एका विशेषणाने आणि एका नामाने मिळून सहा जिल्ह्यांना काही दशके टांगून ठेवले. या जमिनींवर घरे उभी राहिली, शाळा झाल्या, स्मशाने झाली, शेतीही झाली. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना मात्र दिलासा मिळाला. ही तारीख कुठून आली? त्या दिवशी गोदावर्मन प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले होते की ‘वन’ या शब्दाचा अर्थ त्याच्या कोशगत अर्थाप्रमाणे घ्यावा, मालकी कुणाचीही असो.

म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लाखो हेक्टर जमिनीच्या भवितव्यासाठी शब्दकोश उघडायला सांगितले. त्यानंतरच्या तीस वर्षांत आमच्यापैकी किती मराठी विभागांनी त्या निकालाचा एक परिच्छेद तरी वर्गात वाचला? अर्थनिर्णयनशास्त्रावर आम्ही चर्चासत्रे घेतली, गाडामर आणि रिकर यांची नावे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. आणि आमच्या दारात, आमच्याच भाषेतल्या एका विशेषणाच्या अर्थावरून गावे जगत-मरत होती, तेव्हा तो विषय ‘साहित्याबाहेरचा’ ठरला. चंद्रपूरला १९७९ मध्ये वामन चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले, पुन्हा २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली झाले. दोन संमेलनांच्या मधल्या काळात या शहराचे आकाश बदलले. त्या बदलाची मराठी कुठे आहे? आम्ही ही तक्रार इतरांवर ढकलत नाही. आम्हीही अरण्याची शोकगीते लिहिली आहेत, त्यांची कात्रणे जपून ठेवलेली आहेत, असो.

शोकगीताचा दोष असा की ते ज्याच्यासाठी रडते त्याला आधीच मेलेले धरते. जंगल म्हणजे देऊळ आणि यंत्र म्हणजे राक्षस, एवढे दोनच पात्रांचे नाटक एकदा मांडले की पुढे करायला काही उरत नाही. देवळाची पूजा आणि राक्षसाचा निषेध झाला की पडदा. वाटाघाटी, करार, नकाशे, सर्व्हे नंबर यांचा प्रवेश त्या नाटकात नाही, आणि प्रत्यक्षात सगळे घडते ते तिथेच. उलट ज्यांना इथे यश आले त्यांनी शोकगीत गायिले नाही. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात बाबा आमटे आणि या भागातले आदिवासी उभे राहिले, तेव्हा किती जंगल आणि किती गावे पाण्याखाली जाणार हे आकडे घेऊन ते बोलत होते. धरणे झाली नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, तोही कागद वाचून. मग बांबूचा प्रश्न आला, आणि तोही, बघा, शब्दाचाच प्रश्न होता: बांबू हे झाड की गवत? झाड असेल तर वनखात्याचे, गौण वनोपज असेल तर ग्रामसभेचे. २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला असूनही वाहतुकीचा परवाना मिळत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले, तेव्हा तो वाद त्या गावापुरता मिटला. एका नामाचे वर्गीकरण त्या गावाने जिंकले. आमच्या कोणत्याही समीक्षकाने वर्गीकरणाचा याहून मोठा वाद जिंकल्याचे आम्हाला स्मरत नाही.

अर्थात मारुती चितमपल्लींचा अपवाद करायलाच हवा. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणून आपण मोकळे झालो, कारण ऋषी म्हटले की प्रश्न विचारायची गरज उरत नाही. वस्तुतः ते वनाधिकारी होते आणि कोशकार होते. पक्ष्यांची, झाडांची नावे त्यांनी जंगलात राहणाऱ्यांच्या तोंडून टिपून घेतली. ज्या प्रदेशात प्रत्येक गवताला नाव आहे तो पडीक कसा असेल, हा युक्तिवाद त्यांच्या कोशांतून आपोआप निघतो. तो काढण्याचे काम आमचे होते.

आता दुसरा शब्द: साठवण. हा शब्द या मुलखाला कुणी शिकवण्याची गरज नाही. धान कणगीत जाते, मोहफुले वाळवून मडक्यात जातात, पाऊस बोडीत साठतो आणि बोडीतून बांध्यांत उतरतो. या प्रत्येक साठवणीत एक गोष्ट समान आहे: ज्याने भरले त्याच्याच हातात ती उघडण्याचा अधिकार असतो. बॅटरी कोण उघडणार? एखाद्या गावाशेजारी पांढऱ्या कंटेनरांच्या रांगा उभ्या राहतील, कुंपण येईल, आणि दुपारी भरायचे किती, रात्री सोडायचे किती हे वीजखरेदीचा करार आणि नवी मुंबईत ऐरोलीला बसलेले राज्य भार प्रेषण केंद्र ठरवील. तांत्रिकदृष्ट्या हे योग्यच आहे. एका ग्रिडला एकच नियंता लागतो, हे आम्हाला कळते. पण मग तिला गावाची साठवण म्हणू नये. ती गावात ठेवलेली दुसऱ्याची कणगी आहे, आणि दुसऱ्याची कणगी अंगणात ठेवायची तर आपल्याकडे भाडे मागतात.

चंद्रपूरला याचा सराव आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्टची थेट प्रवाहाची वाहिनी टाकण्यात आली: अंतर सुमारे ७५० किलोमीटर, क्षमता दीड हजार मेगावॉट. राख इथे, पाणी इरईचे, कोळसा दुर्गापूर-पद्मापूरचा. वीज पडघ्याला उतरते आणि तिथून मुंबईच्या दिशेने जाते. या वाहिनीखालून जाताना कधी मान वर करून पाहावे. मधल्या कुठल्याही गावाला त्या तारांतून एक दिवाही लावता येत नाही. थेट प्रवाहाला मध्ये उतारू घेता येत नाहीत. (आमच्या एका विद्यार्थ्याने याला ‘विनाथांबा’ म्हटले होते. निबंधात त्याला आम्ही त्या शब्दाबद्दल एक गुण जास्त दिला.) सिरोंचा तालुक्याची गोष्ट याच जातीची. गोदावरीवर तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा बांधला, २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. साठवण आणि उपसा तिकडचा, फुगवट्याच्या तक्रारी अलीकडच्या काठाच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे खांबच खचले. साठवण हा शब्द ऐकला की सिरोंच्याचा शेतकरी काय ऐकत असेल, याचा विचार सादरीकरण करणाऱ्यांनी आधी करावा.

मग बॅटरी ठेवायची कुठे? आमचे उत्तर सरळ आहे. ज्या जमिनीचा बळी चाळीस वर्षांपूर्वी देऊन झाला आहे तिथे. महाऔष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच निवृत्त झालेले आहेत. तिथे वाहिन्या आहेत, रोहित्रांचे आवार आहे, रस्ता आहे, कुंपण आहे. सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे चार-पाच एकर जमीन लागते, पण नुसत्या बॅटरीचे तसे नाही. शंभर मेगावॉटची बॅटरी काही एकरांत बसते. म्हणून तिच्यासाठी झुडपी जंगल, गायरान किंवा निस्ताराची जमीन मागण्याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. कारण एकच आहे: ती जमीन स्वस्त आहे, आणि ती स्वस्त आहे कारण तिचे नाव पडीक आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे एका जुन्या वीजकेंद्राच्या जागीच मोठी बॅटरी उभारलेली होती, आणि १६ जानेवारी २०२५ रोजी तिच्यातल्या ३०० मेगावॉटच्या भागाला आग लागली. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. म्हणजे आम्ही सुचवतो तीच जागा, आणि शेजारी इथे ऊर्जानगर आणि दुर्गापूरची वस्ती. पण तिथे बॅटऱ्या जुन्या टर्बाइनच्या बंदिस्त इमारतीत एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांचे रसायन निकेल-कोबाल्टच्या जातीचे होते. आता बहुतांश साठवण लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत होते, त्या तुलनेने उशिरा पेटतात. आणि कंटेनर उघड्यावर, एकमेकांत अंतर राखून ठेवले तर एकाची आग एकापुरती राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हे अंतर किती, आग विझवायचे पाणी कुठून, धूर कोणत्या दिशेला जाईल, हे मराठीत छापून ऊर्जानगरच्या प्रत्येक घरात द्यावे. शहरात हे प्रश्न विचारायला वर्तमानपत्रे आहेत, वकील आहेत, अग्निशमन दल आहे. एटापल्लीच्या एखाद्या टोल्यावर कंटेनर पेटला तर पहिला बंब किती वेळाने पोचेल, हे ज्याने तो रस्ता पावसाळ्यात पाहिला आहे त्याने सांगावे. धोका असलेली वस्तू जिथे माणसे कमी तिथे ठेवावी, हा हिशोब नेहमी जिथे आवाज कमी तिथे जाऊन थांबतो.

नोकऱ्यांविषयी थोडेच बोलू, कारण नोकऱ्या थोड्याच आहेत. औष्णिक केंद्राने निदान प्रकल्पग्रस्त नावाचा एक वर्ग तयार केला आणि त्याला नोकरीचे वचन तरी दिले; ते कितपत पाळले गेले ही दुसरी कथा. उभारणी संपली की बॅटरीला बोटांवर मोजण्याइतकी माणसे पुरतात. तेव्हा ‘रोजगार’ हा शब्द प्रस्तावातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी ‘भाडे’ किंवा ‘हिस्सा’ लिहावा. सौर आणि बॅटरी एकत्र येत असतील आणि गावाची जमीन खरोखरच लागणार असेल, तर ग्रामसभेला विजेच्या उत्पन्नात वाटा हवा. बांबूचा व्यवहार ज्यांनी सांभाळला ते हाही सांभाळतील. २०१३ मध्ये नियमगिरीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे विषय सोपवला आणि तिथल्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला, हे कंपन्यांना आठवते; म्हणूनच २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनंतर केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता मागाहून असा क्रम शक्य झाला आहे. क्रम बदलला की संमतीचा अर्थ बदलतो. वाक्यातल्या शब्दांचा क्रम शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आणि संमतीची सभा कोणत्या भाषेत भरणार? भामरागडला ती माडियात भरली नाही, सूचना आधी माडियात वाचली गेली नाही, तर ती सभा झाली असे आम्ही मानणार नाही.

राहिली रात्र. बॅटरी म्हणजे अखेर दिवस रात्रीत नेऊन ठेवण्याचे यंत्र, आणि या दोन जिल्ह्यांची रात्र ऐरोलीच्या पडद्यावर दिसते त्याहून निराळी आहे. शेतीपंपांना आठवड्यातून काही दिवस रात्रीची पाळी येते, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीकडे रात्री पाणी द्यायला बांध्यांवर जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. दिवसाही ती वाट सुरक्षित नाही: मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. दिवसाच्या सौरविजेवर पंप चालवण्याची योजना म्हणूनच आम्हाला मोलाची वाटते, तिच्यासाठी गायराने जातात तिथे भांडूनसुद्धा. गावाचा पंप दिवसा चालावा आणि संध्याकाळी गावातल्या दिव्यांना, दवाखान्याच्या शीतपेटीला आधी वीज मिळावी, उरेल ती पडघ्याला जावी, एवढी एक अट करारात घालता येते. याच रात्रीत दुसरेही काही घडते: धान कापून झाले की वडशाच्या नाटक कंपन्या निघतात आणि गावोगावी रात्री सुरू झालेले नाटक झुंजूमुंजू होईस्तोवर चालते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईला झाडीपट्टी रंगभूमीचा पुन्हा एकदा शोध लागला. नाटकाच्या मंडपामागे जनरेटर धडधडत असतो, आणि पल्लेदार संवादाच्या ऐन मध्यावर डिझेल संपल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. प्रेक्षक उठले नाहीत. कुणी कंदील आणला, कुणी मोबाइलचा उजेड धरला, आणि नटाने वाक्य जिथे तुटले होते तिथूनच उचलले.

चहापानातल्या त्या गृहस्थांना आमची एक विनंती आहे. त्यांनी पुढच्या व्याख्यानासाठी कोणतेही एक गाव निवडावे, तलाठ्याकडून त्याच्या झुडपी आणि पडीक जमिनींच्या नोंदी मागून घ्याव्यात, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन ते गट नंबर पायी फिरावे. तिथे जे जे उगवते त्याची नावे ती सांगेल. वही मोठी न्यावी.